मासळीच्या पिकअपला टायर कुठला: जीपचा की एलटी?



बंदीचे दिवस आहेत. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधून. कोणी जाळी दुरुस्त करतोय, कोणी इंजीन खोललंय, कोणी रंग काढतोय. आणि ज्यांच्याकडे पिकअप आहे, त्यांनी ती गॅरेजला लावली आहे. ऑगस्टमध्ये मासळी सुरू झाली की गाडीला एक दिवस उसंत मिळत नाही, म्हणून पाटे, ब्रेक, टायर ही कामं आताच करून घ्यायची, ही आपली जुनी रीत.

या पंधरा दिवसांत आमच्या कार्यालयात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून आला. "पिकअपचे चार टायर बदलायचेत. दुकानदार म्हणतो एलटी घ्या. दुसरा म्हणतो त्याच साइजचा जीपचा टायर येतो, रिंगवर बरोबर बसतो, गाडी मऊ चालते, शिवाय स्वस्त. काय करू?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात चार टायरांचे काही हजार रुपये आहेत, गाडीभर मासळीचे त्याहून जास्त आहेत, आणि गाडीत बसलेली माणसं आहेत. पहाटे तीनला जेटीवरून निघणाऱ्या पिकअपमध्ये चालकाशेजारी बहुतेक वेळा आपल्याच घरची बाई बसलेली असते, मडगावच्या किंवा म्हापशाच्या बाजाराला जाणारी. म्हणून हा विषय सविस्तर लिहायचा ठरवलं. थोडं लांबेल, पण वाचा, आणि घरात जो गाडी चालवतो त्याला वाचून दाखवा.

रिंगवर बसला म्हणजे चालला असं नाही

टायरचे दोन घराणे लक्षात ठेवा. एक मोटारीचा, म्हणजे पॅसेंजर टायर. कार, जीप, एसयूव्ही यांना हाच येतो. दुसरा लाइट ट्रकचा, ज्याला आपण एलटी म्हणतो. टाटा एस, दोस्त, बोलेरो पिकअप अशा माल वाहणाऱ्या गाड्यांना कंपनीतून एलटी येतो.

घोटाळा इथे होतो की दोन्हींची साइज कधीकधी एकच असते. रिंग १५ इंची, रुंदी तीच, उंची तीच. बसवायला काहीच अडचण नाही. बाहेरून बघितलं तर फरकही पटकन कळत नाही. पण आत फरक आहे. एलटीच्या आतल्या दोऱ्यांचे थर जाड आणि मजबूत असतात, बाजू कडक असते, आणि मुख्य म्हणजे तो जास्त हवा सोसतो.

ही हवेची गोष्ट समजली की बाकी सगळं समजतं. गाडीचं वजन रबर उचलत नाही, आत कोंडलेली हवा उचलते. रबर म्हणजे त्या हवेची पिशवी. पिशवी जितकी मजबूत, तितकी जास्त हवा भरता येते, आणि जितकी जास्त हवा तितकं जास्त वजन. मोटारीच्या टायरला साधारण ३५ पीएसआय हवेवर त्याची पूर्ण ताकद मिळते, त्यापुढे हवा भरली तरी जास्त वजन घ्यायची परवानगी मिळत नाही. ८ पीआरच्या एलटीला ६५ पीएसआयपर्यंत हवा भरायची सोय असते.

आपल्या भाषेत सांगायचं तर होडीचा दोर आणि ट्रॉलरचा दोर. दोन्ही एकाच खुंट्याला गुंडाळता येतात. पण वाऱ्या-लाटेत ट्रॉलर होडीच्या दोरावर कोण ठेवेल?

टायरची बाजू वाचायला शिका

दुकानदारावर अवलंबून राहायची गरज नाही. सगळं टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. मोबाइलची बॅटरी लावून बघा.

पहिली गोष्ट, साइजच्या मागे किंवा पुढे "एलटी" किंवा "सी" लिहिलंय का. असेल तर लाइट ट्रकचा. काहीच नसेल किंवा पुढे नुसतं "पी" असेल तर मोटारीचा.

दुसरी गोष्ट, "पीआर". ६ पीआर, ८ पीआर, १० पीआर असं असतं. याला प्लाय रेटिंग म्हणतात. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असायचे, तेव्हा हा आकडा म्हणजे थरांची संख्या होती. आता रेडियल टायरमध्ये थर कमीच असतात, पण ताकद तितक्या थरांएवढी, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून कोणी "यात आठ थर आहेत" म्हणाला तर मान डोलवा, पण त्यावर विश्वास ठेवू नका.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लोड इंडेक्स. साइजच्या शेवटी एक आकडा आणि एक अक्षर असतं. उदाहरणार्थ "१०० एस". यातला १०० हा किलोचा आकडा नाही, कोड आहे. त्याचा अर्थ एक टायर ८०० किलो उचलतो. अक्षर वेगमर्यादेचं, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर. आपल्या गाडीला त्याचं कौतुक नाही. आकडा बघा.

नेहमी लागणारे काही कोड इथे देतो, लिहून ठेवा:

९० म्हणजे ६०० किलो
९५ म्हणजे ६९० किलो
१०० म्हणजे ८०० किलो
१०३ म्हणजे ८७५ किलो
१०६ म्हणजे ९५० किलो
१०८ म्हणजे १००० किलो
११२ म्हणजे ११२० किलो

एलटीवर हे आकडे जोडीने येतात, १०६/१०३ असे. पहिला आकडा मागे एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाक असेल तेव्हाचा. आपल्या बहुतेक पिकअपना मागे एकेकच चाक असतं, म्हणून पहिला आकडा धरायचा.

चौथी गोष्ट, आयएसआयचा शिक्का. भारतात विकल्या जाणाऱ्या टायरवर हा लागतो आणि त्याबरोबर मानकाचा नंबर असतो. मोटारीच्या टायरला आयएस १५६३३, मालवाहू गाड्यांच्या टायरला आयएस १५६३६. दुकानदार काहीही म्हणू दे, नंबर खोटं बोलत नाही.

एक हिशेब करून बघू

समजा तुमच्या पिकअपच्या आरसी बुकात रिकाम्या गाडीचं वजन १७०० किलो आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन ३००० किलो लिहिलंय. म्हणजे १३०० किलो माल भरायची परवानगी.

रिकामी असताना पिकअपचं वजन पुढे जास्त असतं, कारण इंजीन आणि केबिन पुढे. समजा पुढच्या ॲक्सलवर ९५० आणि मागच्यावर ७५०. आता हौदा भरला. हौदा मागच्या चाकांच्या वर असतो, म्हणून १३०० पैकी साधारण ११५० किलो मागे जातात आणि १५० पुढे. मागचा ॲक्सल झाला १९०० किलो. दोन चाकं, म्हणजे प्रत्येक टायरवर ९५० किलो.

आता २१५/७५ आर १५ ही साइज घ्या. या साइजमध्ये मोटारीचा टायर मिळतो १०० लोड इंडेक्सचा, म्हणजे ८०० किलोचा. एलटी ८ पीआरमध्ये मिळतो १०६/१०३ चा, म्हणजे ९५० किलोचा. एलटी घेतला तर काठोकाठ का होईना, हिशेब जुळला. मोटारीचा घेतला तर प्रत्येक मागचा टायर १५० किलोने कमी पडला. दोन्ही मिळून ३०० किलो. आणि हे कायद्यात बसणाऱ्या मालावर, एक क्रेटही जास्त न भरता.

अमेरिकेत तर नियमच आहे की मोटारीचा टायर पिकअपसारख्या गाडीला लावला तर त्याची छापील ताकद १.१० ने भागून धरायची. म्हणजे ८०० चे राहिले ७२७. कारण मालाची गाडी जास्त डोलते, खड्ड्यात जास्त आदळते, वळणावर एका बाजूला जास्त झुकते. आपल्या रस्त्यांवरही हेच सगळं होतं.

आपली पोरं मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि सांगतात, "तिकडे पिकअपला कारचेच टायर असतात." काही गाड्यांना असतात, खरं आहे. पण तिकडे पुष्कळ लोक पिकअप कारसारखी वापरतात. मुलांना शाळेत सोडायला, दुकानात जायला. हौदा वर्षातून चार वेळा भरतो. तिथेही जे शेतावर आणि बांधकामावर माल वाहतात, ते एलटीच लावतात.

बर्फाचं वजन कोण धरतो?

हा मुद्दा खास आपल्या धंद्याचा. कोणालाही विचारा, "गाडीत किती माल होता?" तो मासळीचं वजन सांगतो. ७०० किलो बांगडा, ८०० किलो तारली. बर्फ कोणी सांगत नाही.

लांबच्या फेरीला मासळी नीट राहायची असेल तर उष्ण हवेत मासळीइतकाच बर्फ लागतो, एकास एक. म्हणजे ६५० किलो मासळीवर ६५० किलो बर्फ, झाले १३०० किलो. वर क्रेटचं वजन, ताडपत्रीचं वजन, चालक आणि बरोबर दोन माणसं. म्हणजे ज्या गाडीला कागदावर १३०० किलोची परवानगी आहे, तिच्यात लांबच्या फेरीला ६५० किलोसुद्धा मासळी बसत नाही.

आता तिच्यात ९०० किलो मासळी आणि तेवढाच बर्फ भरला तर १८०० किलो झाले. मागच्या एका टायरवर साडेअकराशे किलोच्या वर वजन. इथे एलटीही कमी पडला. म्हणून स्पष्ट सांगतो, एलटी लावला म्हणजे वाट्टेल तेवढं भरायचा परवाना मिळाला असं कोणी समजू नका. कायद्यातही जादा वजनाला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी २,००० रुपये आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च आपल्याच डोक्यावर. मासळी रस्त्यात उतरवायला लागली तर पुढे काय होतं ते सांगायला नको.

आणखी एक गैरसमज. गाडी मागून बसते म्हणून बरेच जण गॅरेजमध्ये जादा पाटा टाकून घेतात. मग गाडी भरली तरी सरळ उभी दिसते आणि मालक खूश. पण पाट्याने गाडीची उंची सांभाळली, टायरची ताकद किलोभरही वाढली नाही. उलट गाडी बसलेली दिसत नाही म्हणून जास्त भरलं जातं. खालचा टायर बिचारा तोच.

हिशेब डोक्यात करायचा कंटाळा असेल तर सोपा उपाय आहे. सीझनमधल्या भरगच्च दिवशी गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडीचं वजन करा. मग गाडी थोडी पुढे घेऊन फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन करा. तो आकडा दोनने भागा. तेवढं वजन उचलणारा टायर तुम्हाला हवा, शक्यतो थोडा वरचा. काट्याची पावती काही रुपयांची असते, पण वर्षभराचा वाद मिटतो.

टायर फुटतो कसा?

लोक म्हणतात, "टायर नवीन होता, नक्षी पूर्ण होती, तरी फुटला." फुटण्याचा संबंध नक्षीशी कमी, उष्णतेशी जास्त. वजन जास्त किंवा हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते आणि परत उघडते. तार सारखी वाकवली की गरम होते, तसंच. मिनिटाला शेकडो वेळा ही बाजू वाकते. आतून तापते, थर सुटायला लागतात, आणि मग एखाद्या वळणावर बाजू फाटते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो.

मागच्या सीझनमध्ये आपल्या एका सभासदाच्या गाडीचं असंच झालं. गाडी बेळगावला निघाली होती चोर्ला घाटातून. मागे मोटारीचे टायर, जेमतेम चार महिन्यांचे. घाट चढून वर आल्यावर मागचा डावा टायर बाजूने फाटला. चालक अनुभवी, वेग कमी, म्हणून गाडी रस्त्यातच थांबली. कोणाला काही लागलं नाही. पण स्टेपनीत हवा नव्हती. दुसरी गाडी येऊन माल हलवेपर्यंत बर्फ वितळला, बाजाराची वेळ गेली, आणि विसवण मिळेल त्या भावाने द्यावी लागली. टायरमध्ये जे वाचलं होतं, त्याच्या कितीतरी पट एका सकाळी गेलं. त्या घरात त्या महिन्याचा बँकेचा हप्ता राहिला.

कोणाची चूक काढायला हे सांगत नाही. घाट आपल्या धंद्यात चुकत नाही. बेळगावला जायचं तर चोर्ला, अनमोड किंवा आंबोली, तिन्हीकडे चढ-उतार आणि वळणं. वळणावर बाहेरच्या बाजूच्या टायरवर जास्त वजन येतं. उतारावर ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं. मोटारीच्या टायरची मऊ बाजू इथेच हार खाते. भरलेली गाडी वळणावर मागून लोंबकळल्यासारखी वाटते, तो याच मऊ बाजूचा खेळ.

जेटीवरचे घाव वेगळे. दोराच्या तुटक्या तारा, लोखंडी हूक, शिंपल्यांच्या धारा, चिऱ्यांचे कोपरे. मोटारीच्या टायरची पातळ बाजू यांनी पटकन कापली जाते. बाजूचा काप पंक्चरवाला दुरुस्त करून देतो म्हणाला तरी त्यावर माल वाहू नका. बाजूला फुगा आलेला दिसला तर तो टायर त्याच दिवशी उतरवा.

एलटीचे तोटेही ऐका

एकतर्फी बोलणं बरोबर नाही. एलटी महाग आहे, जड आहे, त्यामुळे डिझेल थोडं जास्त लागतं. रिकाम्या गाडीत आदळआपट होते. आणि पावसात रिकाम्या गाडीचा मागचा भाग हलका असतो, त्यात एलटीचं रबर कडक, म्हणून ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला की गाडी मागून सरकते. बाजार संपवून रिकामी परत येताना चालकाला घरची घाई असते. तिथे वेग आवरायला हवा. हे आपल्या पोरांना सांगून ठेवा.

आणखी एक मोठी गोष्ट, जी बहुतेकांना ठाऊक नसते. एलटीत हवा कमी ठेवली तर त्याचा उपयोगच राहत नाही. वरच्या उदाहरणातला एलटी ६५ पीएसआयला ९५० किलो उचलतो. तोच ५० पीएसआयला साधारण ८०० किलो उचलतो, म्हणजे मोटारीच्या टायरएवढाच. आणि ३५ ठेवली तर त्याहूनही कमी. आपल्याकडे पुष्कळ जण गाडी आदळते म्हणून एलटीत ३५-४० हवा ठेवतात आणि वर माल भरतात. पैसे एलटीचे गेले आणि काम मोटारीच्या टायरपेक्षा वाईट झालं.

हवा किती भरायची ते गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तकात असतं. रिकाम्या गाडीचा आणि भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो, पुढचा आणि मागचाही वेगळा. टायरवर कधी केपीए लिहिलेलं असतं. ४५० केपीए म्हणजे ६५ पीएसआय, २५० केपीए म्हणजे ३६. टायरवरचा आकडा ही वरची हद्द, ती ओलांडायची नाही.

हवा नेहमी थंड टायरमध्ये बघा, पहाटे निघण्यापूर्वी. घाट चढून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसते. ती काढू नका. थंड झाल्यावर कमी पडेल.

मग मोटारीचा टायर कोणी घ्यावा?

ज्यांच्याकडे डबल कॅबची घरच्या वापराची पिकअप आहे, ज्यात माणसं बसतात आणि हौद्यात फार तर जाळ्याची दोन पोती किंवा घरचं सामान जातं, आणि कंपनीनेच मोटारीच्या जातीचा टायर दिलाय, त्यांनी तोच घ्यावा. त्यांना एलटी लावून उगाच आदळत जाण्यात अर्थ नाही. पावसात त्यांना मोटारीचा टायर जास्त बरा पकडेल.

पण ज्या गाडीत क्रेट चढतात, आठवड्यातून एक दिवस का असेना, तिला कंपनीने एलटी दिला असेल तर एलटीच. कंपनीने दिलेल्या लोड इंडेक्सच्या खाली जायचं नाही. वर गेलात तर चालेल. नियम एवढाच आहे, टायर गाडीच्या नावाप्रमाणे घ्यायचा नाही, मागच्या ॲक्सलवरच्या वजनाप्रमाणे घ्यायचा.

अर्धं-अर्धं करू नका. एका ॲक्सलवर एक एलटी आणि एक मोटारीचा, हे कधीच नाही. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. मागे एलटी आणि पुढे जुने मोटारीचे, अशीही युक्ती काही जण करतात. घाटाच्या उतारावर ब्रेकचा भार पुढच्या टायरवर येतो हे विसरू नका. रिमोल्ड केलेला टायर पुढे तर मुळीच नको.

आणि स्टेपनी! आपल्या गाड्यांची स्टेपनी हौद्याखाली लटकते. वरून खारं पाणी, बर्फाचं पाणी रोज ठिबकतं. रिंग गंजते, साखळी धरते, हवा कधी गेली कळत नाही. स्टेपनीही एलटीच हवी आणि महिन्यातून एकदा खाली काढून बघायला हवी. रस्त्यात साखळीचा नट फिरला नाही तर चांगला टायर असूनही उपयोग नाही.

खाऱ्या पाण्याची काळजी

टायर कुठलाही घ्या, आपल्या धंद्यात मीठ त्याचा वैरी. ट्यूबलेस टायर रिंगच्या कडेला घट्ट बसतो, तिथेच हवा अडते. ती कड गंजली की हवा हळूहळू निसटते. दर दोन दिवसांनी हवा भरावी लागत असेल तर पंक्चर शोधण्याआधी रिंगची कड बघा. नवीन टायर बसवताना रिंग घासून, रंगवून घ्या. या दोन महिन्यांत हे काम आरामात होतं.

फेरी संपली की गाडी गोड्या पाण्याने धुवा, रिंगच्या आतल्या बाजूने आणि खालूनही. जेटीवर सांडलेलं डिझेल आणि ऑइल टायरला लागू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. लागलं तर साबणाने धुवून टाका.

गाडी बंदीत उभी असेल तर हौदा रिकामा ठेवा, हवा पूर्ण ठेवा, आणि आठवड्याला थोडी पुढे-मागे करा. एकाच जागी महिनाभर टेकून टायरला एका बाजूला चपटेपणा येतो.

घेताना काय बघाल

तारीख बघा. टायरच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत असतात. २३२४ लिहिलं असेल तर २०२४ सालचा २३ वा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला टायर सवलतीत मिळतो, पण रबराचं वय धावल्याशिवायही वाढतं. बऱ्याच कंपन्या दहा वर्षांच्या पुढे टायर वापरू नका सांगतात, नक्षी कितीही असली तरी. आपल्या ऊन-मिठात एवढी वाट बघायची नाही. बाजूला बारीक भेगा दिसायला लागल्या की समजायचं.

नक्षी बघा. कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली लागते. नक्षीच्या खाचेत छोटे उंचवटे असतात, टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की संपला. पण पावसात भरलेली गाडी त्या हद्दीपर्यंत ओढू नका. टायर गोटा होईपर्यंत चालवण्यात फायदा नाही.

बिल घ्या, आणि बिलावर पूर्ण साइज, एलटी, पीआर आणि लोड इंडेक्स लिहून घ्या. नुसतं "टायर ४ नग" नको. उद्या वॉरंटीचा प्रश्न आला किंवा अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर आला, तर हाच कागद बोलतो.

कार्यालयात या

ज्यांना टायर घ्यायचेत त्यांनी आरसी बुकाची झेरॉक्स आणि सध्याच्या टायरच्या बाजूचा स्पष्ट फोटो घेऊन कार्यालयात यावं. कुठला लोड इंडेक्स लागेल तो हिशेब आम्ही बसून करून देऊ. एकाच साइजचे आठ-दहा जण झाले तर दुकानदारांकडून एकत्र भाव मागवता येईल, म्हणजे एलटी महाग पडतो ही तक्रारही थोडी कमी होईल. घरातल्या बायांनीही यावं. गाडीचा हप्ता पुष्कळ घरांत त्याच भरतात, तेव्हा टायर कुठला हे ठरवण्यात त्यांचा शब्द असलाच पाहिजे.

ज्यांनी आधीच जीपचे टायर बसवलेत त्यांनी घाबरून जाऊ नये. पहिलं, टायरवरचा लोड इंडेक्स वाचा. दुसरं, तो बदलेपर्यंत माल त्या हिशेबानेच भरा, बर्फ धरून. तिसरं, लांबच्या घाटाच्या फेरीला ती गाडी पाठवू नका, जवळच्या बाजाराला वापरा. जमेल तेव्हा मागचे दोन आधी बदला, पण पुढचे दोन लगेच त्यांच्या मागोमाग.

नारळी पौर्णिमेला आपण समुद्राला नारळ अर्पण करतो आणि होडीची, जाळ्याची पूजा करतो. मासळी किनाऱ्याला आली तरी अर्धा प्रवास बाकी असतो, तो या चार टायरांवर होतो. ऑगस्ट उजाडण्यापूर्वी एकदा खाली वाकून त्यांच्याकडे बघा.

सर्वांना येणाऱ्या सीझनच्या शुभेच्छा.

आपला,
सचिव, संस्था कार्यालय